हाताळायच्या ठोकळ्यांचं टेबल: कॅमेरा ते सर्व्हर, थर कसे पाडावेत?

घडीव

पुण्यातल्या एका विज्ञान प्रदर्शनासाठी टेबल चाललंय. विषय खडकवासला धरणसाखळी. पृष्ठभाग १०० बाय ७५ सेंमी, प्रोजेक्टर खालून. खोक्यातच ८५० नॅनोमीटरच्या इन्फ्रारेड एलईडी पट्ट्या आणि ६४० बाय ४८०, सेकंदाला ६० फ्रेमचा कॅमेरा. ठोकळे चार: टेमघर, वरसगाव, पानशेत, खडकवासला. बुडाशी रिअ‍ॅक्टिव्हिजनचे (कॅमेऱ्याच्या चित्रातून ठोकळे ओळखणारं सॉफ्टवेअर) अमीबा मार्कर, म्हणजे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या छापील खुणा. ठोकळा फिरवला की त्या धरणाचा विसर्ग बदलतो. भोवती एका वेळी सहा ते आठ जण उभे राहतील. शेजारच्या दालनात असंच दुसरं टेबल, पण धरणसाखळी दोघांत मिळून एकच.

सध्या सगळं एकाच प्रोग्राममध्ये आहे. ट्यूओचा (रिअ‍ॅक्टिव्हिजन ज्या प्रोटोकॉलने ठोकळ्यांची जागा आणि कोन कळवतं तो) मेसेज आला की कोन काढायचा, विसर्ग बदलायचा, चित्र काढायचं. लक्षणं अशी:

१) ठोकळ्याला कुणी हात लावलेला नसतानाही आकडा ९,५०० आणि १०,००० क्युसेकच्या मध्ये नाचतो.
२) पूर्ण फेरी झाली की १२,००० वरून एकदम शून्य.
३) ठोकळा जोरात सरकवला की धरण गायब, मग परत येतं आणि विसर्ग शून्यापासून सुरू.
४) दुसरं टेबल कसं जोडायचं हे अजून ठरलेलं नाही.

रचना कुठून बदलायला घ्यावी?

मुठाकाठचा

तिसऱ्या लक्षणापासून घ्या. बाकीची त्याच कुळातली आहेत.

ट्यूओच्या टू-डी ऑब्जेक्ट प्रोफाइलमध्ये प्रत्येक ठोकळ्याला दोन क्रमांक असतात. एक सेशन आयडी, दुसरा क्लास आयडी म्हणजे मार्करवरचा क्रमांक. कॅमेऱ्याला मार्कर दिसेनासा झाला की सेशन संपतं. परत दिसला की नवा सेशन आयडी मिळतो, क्लास आयडी मात्र तोच. तुमचा विसर्ग सेशनला टांगलेला दिसतोय, म्हणून शून्य होतो. तो धरणाला टांगा. धरणाची ओळख कॅमेऱ्याच्या नजरेवर अवलंबून असता कामा नये.

थर मी असे पाडेन.

संवेदन. रिअ‍ॅक्टिव्हिजन हा वेगळा प्रोसेस म्हणून चालू द्या. तो यूडीपीच्या (पोचल्याची खात्री न करता पाकिटं पाठवणारी नेटवर्क पद्धत) ३३३३ पोर्टवर बोलतो. एका बंडलमध्ये 'अलाइव्ह' म्हणजे आत्ता दिसणाऱ्या सगळ्यांची यादी, 'सेट' म्हणजे बदललेल्यांची जागा, कोन आणि वेग, आणि शेवटी फ्रेमचा क्रमांक असतो. यूडीपीत पाकीट हरवू शकतं. म्हणूनच 'ठोकळा गेला' असा वेगळा मेसेज ट्यूओमध्ये नाही. यादीत नाव नाही म्हणजे गेला. एक पाकीट हुकलं तर पुढचं ते भरून काढतं. ही २००५ सालची रचना आहे, पण डोकं लावून केलेली.

माग. इथे सेशनवरून ठोकळा ठरवायचा. यादीतून नाव गेलं तरी ४०० मिलिसेकंद 'बहुधा इथेच आहे' असं धरा. तेवढ्यात तोच क्लास आयडी कुठेही दिसला तर जुन्याच ठोकळ्याला जोडा, वरच्या थराला पत्ता लागू देऊ नका. ४०० उलटले तरच 'उचलला' ही घटना वर पाठवा.

अर्थ. 'क्रमांक ३ चा ठोकळा १५ अंश फिरला' याचं 'पानशेत, एक पायरी वर' असं भाषांतर फक्त इथे होईल. कोणता मार्कर कोणतं धरण, एका पायरीला किती क्युसेक, हे कॉन्फिग फाइलमध्ये.

सामायिक स्थिती. सर्व्हर. चार धरणांचे साठे आणि विसर्ग. याला कॅमेरा म्हणजे काय हेही ठाऊक नसावं.

चित्र. स्थिती वाचायची आणि काढायची. लिहायचं काही नाही.

एक अपवाद आहे. ठोकळ्याभोवती प्रोजेक्टरने दिसणारं कडं चित्राच्या थराने थेट मागाच्या थराकडून जागा घेऊन काढावं, सर्व्हरच्या फेरीची वाट बघू नये. कॅमेऱ्याची फ्रेम १६.७ मिलिसेकंद, प्रोजेक्टरच्या एक-दोन फ्रेम, वर प्रक्रिया. ५०-६० तिथेच गेले. त्यात नेटवर्कची फेरी घातली की कडं ठोकळ्याच्या मागे फरफटत येतं आणि लोक ठोकळा सोडून कड्याकडेच बघत बसतात.

तिरकस

थर पाडा हो, पण आधी खोक्यात डोकं घाला. निम्मी लक्षणं तिथली असतात.

मार्कर कशावर छापलेत? इंकजेट असेल तर फेकून द्या. इंकजेटच्या बऱ्याच काळ्या शाया ८५० नॅनोमीटरला जवळपास पारदर्शक असतात. डोळ्याला काळाकुट्ट दिसणारा मार्कर कॅमेऱ्याला फिका राखाडी दिसतो. लेझर प्रिंटरच्या टोनरमध्ये कार्बन असतो, तो इन्फ्रारेडमध्येही काळाच राहतो. आणि चकचकीत लॅमिनेशन नको, एलईडीचा डाग पडतो. मॅट करून घ्या किंवा नुसताच कागद चिकटवा.

आकार. १००० मिमी रुंदीत ६४० पिक्सेल, म्हणजे पिक्सेलला सुमारे १.५६ मिमी. अमीबा मार्कर ओळखला जातो तो काळ्या-पांढऱ्या भागांच्या एकात एक असण्यावरून. आतला एक ठिपका पुसट होऊन शेजारच्यात मिसळला की सगळी रचना मोडते आणि मार्कर दिसतच नाही. सगळ्यात बारीक ठिपका निदान ३ पिक्सेल, म्हणजे ४.७ मिमी धरा. ५ सेंमीचा मार्कर या टेबलावर रडतखडत चालेल. ८-९ सेंमीचा करा, चारच तर ठोकळे आहेत.

एक्स्पोजर. ऑटोवर असेल तर आत्ताच बंद करा. १/६० सेकंद एक्स्पोजर आणि ठोकळा सेकंदाला ५० सेंमी वेगाने सरकला, तर एका फ्रेममध्ये ८.३ मिमी फराटा येतो. पाच पिक्सेल. मार्कर गेलाच. ४ मिलिसेकंदांवर आणा, फराटा २ मिमी, जेमतेम सव्वा पिक्सेल. चित्र काळोखं होईल, त्यावर उपाय म्हणजे एलईडी वाढवणं, गेन वाढवणं नव्हे. गेनने दाणे येतात आणि कोन आणखी नाचतो.

पट्ट्यांची तोंडं वर करू नका, खोक्याच्या भिंतींकडे करा आणि भिंतींना पांढरा रंग द्या. तोंड वर असेल तर पृष्ठभागावर गरम ठिपके दिसतात आणि त्यांच्यावर आलेला मार्कर वाचता येत नाही. पट्ट्या आणि १२ व्होल्टचा एसएमपीएस तापकीर गल्लीत मिळेल, फक्त तरंगलांबी विचारून घ्या. 'आयआर आहे ना' एवढं पुरत नाही. ९४० दिली तर कॅमेऱ्यावरचा ८५० चा फिल्टर सगळंच अडवेल.

घडीव

@तिरकस, मार्कर ६ सेंमी, इंकजेट, चकचकीत लॅमिनेशन. तिन्ही एकदम!

पृष्ठभाग ८ मिमी अ‍ॅक्रिलिक, त्याच्या खालच्या बाजूला ट्रेसिंग पेपर. चालेल?

तिरकस

कागद वर घ्या. पडदा खाली असला तर मार्कर त्याच्यापासून ८ मिमी लांब राहतो आणि धुरकटतो. वर घेतला की मार्कर पडद्याला टेकतो, कडा स्वच्छ येतात. ट्रेसिंग पेपर घासून फाटेल, म्हणून वर पातळ मॅट पीव्हीसी फिल्म. दर काही आठवड्यांनी बदलायची वस्तू समजा. अ‍ॅक्रिलिकला मधे बाक येतो, तेव्हा आधाराची पट्टी फक्त कडेला ठेवून भागणार नाही. १० मिमी घ्या, नाहीतर टफन्ड काच.

आणि खिडकी. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं. दुपारी चारला तिरपं ऊन टेबलावर येत असेल तर तेव्हा काहीही चालणार नाही, कितीही चांगलं सॉफ्टवेअर लिहा.

कोथरूडकर_२

वाखू (वाचनखूण) साठवली.

एक शंका. ५५ इंची टचस्क्रीन आणून टाकली तर हे सगळं एका दुपारचं काम नाही का? ठोकळ्यांचा एवढा अट्टहास कशाला?

शून्यएक

आठ जणांच्या टोळक्यात टचस्क्रीनवरचा डायल कोण फिरवतंय ते कळत नाही. ठोकळा कुणाच्या हातात आहे ते सगळ्यांना दिसतं, आणि तो दुसऱ्याला द्यायचा तर हातात द्यावा लागतो. न बघता फिरवता येतो, म्हणजे डोळे नकाशावर राहतात. इशी आणि उल्मर यांनी १९९७ साली एमआयटी मीडिया लॅबमधून हा विचार मांडला तेव्हापासून मुद्दा हाच आहे: वस्तू हेच नियंत्रण आणि वस्तू हेच दर्शन. एकच माणूस वापरणार असेल तर खुशाल टचस्क्रीन घ्या.

आता कोन. @घडीव, तुमची पहिली दोन लक्षणं.

ट्यूओ कोन रेडियनमध्ये देतं, ० ते ६.२८. पूर्ण फेरीला ६.२७ नंतर ०.०१ येतं. तुम्ही कोनावरून थेट विसर्ग काढताय, म्हणून १२,००० चा शून्य. कोन वापरूच नका, कोनातला फरक वापरा. मागच्या आणि आताच्या कोनाचा फरक घ्या, तो वजा ३.१४ ते अधिक ३.१४ मध्ये बसवा (जास्त असेल तर ६.२८ वजा, कमी असेल तर मिळवा) आणि साठवत जा. ठोकळा उचलून दुसऱ्या बाजूला तोंड करून ठेवला तरी विसर्ग बदलणार नाही, कारण नव्या सेशनच्या पहिल्या कोनाला मागचा कोन नसतो. फक्त मुठाकाठच्यांच्या ४०० मिलिसेकंदांत परत जोडलेल्या ठोकळ्याचा कोन तोडायचा नाही.

नाचण्यावर आधी फिल्टर. वन युरो फिल्टर (हालचाल मंद असताना थरथर गाळणारा, वेगात असताना मोकळं सोडणारा) वापरा, पन्नासेक ओळींत होतो. त्यात दोन आकडे जुळवायचे असतात. बीटा शून्यावर ठेवा, किमान कटऑफ १ हर्ट्झ. ठोकळा स्थिर ठेवून आकडा थरथरायचा थांबेपर्यंत कटऑफ कमी करत जा. मग ठोकळा जोरात फिरवा आणि मागे पडणं थांबेपर्यंत बीटा वाढवा. क्रम उलटा केलात तर दिवसभर जुळवत बसाल. फिल्टर साठवलेल्या कोनावर लावायचा, कच्च्यावर नाही. कच्च्यावर लावला तर ६.२७ आणि ०.०१ यांची सरासरी ३.१४ येईल आणि ठोकळा क्षणभर उलटा फिरल्यासारखा दिसेल.

तरीही पायरीच्या सीमेवर आकडा डुगडुगेल. १५ अंशाला एक पायरी, पायरीला ५०० क्युसेक, म्हणजे फेरीला १२,०००. ठोकळा बरोबर १५ अंशांवर थांबला तर कधी १४.९, कधी १५.१. म्हणून पुढच्या पायरीवर जाताना सीमा ३ अंश ओलांडायला लावा, मागे येतानाही तसंच. १८ ला वर, १२ ला खाली. हे न करता नुसता फिल्टर घट्ट करत गेलात तर ठोकळा चिखलात फिरवल्यासारखा लागतो.

तिरकस

भर घालतो. मार्करचा मध्य आणि ठोकळ्याचा मध्य एकच हवा. ५ मिमी इकडेतिकडे झाला तर जागच्या जागी फिरवलेला ठोकळा कॅमेऱ्याला १ सेंमी व्यासाच्या वर्तुळात हिंडताना दिसतो आणि कडंही तसंच हिंडतं. प्रत्येक ठोकळ्याची चूक मोजून कॉन्फिगमध्ये घाला.

दुसरं, कॅमेरा खालून बघतो, माणसं वरून. डावं-उजवं उलटं होणार आणि घड्याळाची दिशाही. ही उलटापालट एकाच जागी करा. रिअ‍ॅक्टिव्हिजनच्या कॉन्फिगमध्येच सोय आहे. अर्धी तिथे आणि अर्धी चित्राच्या थरात केली की सहा महिन्यांनी कुणालाच काही कळत नाही.

उंची वाचवायला खोक्यात आरसा घातलात तर आणखी एक मेख. अमीबा मार्कर आरशातूनही वाचता येतो, कारण एकात एक असण्याची रचना उलटी होत नाही. आरुको (चौकोनी घरांचा दुसऱ्या प्रकारचा मार्कर) मात्र आरशातून ओळखला जात नाही, फ्रेम आधी उलटवावी लागते. उद्या आरुकोवर जाणार असाल तर लक्षात असू द्या.

मुठाकाठचा

आता दोन टेबलं. ट्यूओ टेबलाच्या आतच ठेवा, त्याच मशीनवर. दोन दालनांमध्ये यूडीपी नको. अर्थाच्या थरातून निघालेली घटना वेबसॉकेटने (सर्व्हरशी कायम उघडं राहणारं कनेक्शन) सर्व्हरला. चित्र ब्राउझरमध्ये काढणार असाल तर तसाही पूल लागेलच, ब्राउझर यूडीपी ऐकत नाही. तारेचं नेटवर्क, वायफाय नको.

घटनेत 'पानशेत = ७,०००' पाठवायचं की 'पानशेत +५००'? मी दुसरं घेईन. दोन्ही टेबलांवर एकाच वेळी पानशेत फिरवलं तर दोघांचंही धरलं जातं. पहिल्या पद्धतीत शेवटी पोचणाऱ्याचं चालतं आणि दुसऱ्याचा ठोकळा हातात फिरतोय पण आकडा ढिम्म, असं होतं.

फक्त '+५००' दोनदा पोचलं तर हजार होतं. कनेक्शन तुटून परत पाठवताना हे हमखास घडतं. म्हणून प्रत्येक घटनेला टेबल क्रमांक आणि चढता अनुक्रमांक द्या. सर्व्हरने पाहिलेला क्रमांक परत आला तर गप टाकून द्यायचा.

शून्यएक

मग सर्व्हर तरी कशाला? बेरीज-वजाबाकी कोणत्याही क्रमाने केली तरी उत्तर एकच. सीआरडीटीतला (वेगवेगळ्या मशीनवरच्या प्रती मधल्या सर्व्हरविना जुळवणारी रचना) साधा काउंटर ठेवा, दोन्ही टेबलं स्वतंत्र चालतील, नेटवर्क गेलं तरी अडणार नाही.

मुठाकाठचा

क्रम बदलून चालला असता, पण कमाल मर्यादा आडवी येते. विसर्ग ११,५०० आहे, मर्यादा १२,०००. एका टेबलावरून +१,०००, दुसऱ्यावरून −५००. आधी अधिक: १२,००० ला अडला, मग वजा, ११,५००. आधी वजा: ११,०००, मग अधिक, १२,०००. दोन टेबलांवर दोन उत्तरं.

मर्यादा फक्त दाखवताना लावली आणि आत बेरीज मोकळी वाढू दिली तर उत्तर एकच येतं, पण एखाद्या पोराने गंमत म्हणून ठोकळा दहा फेऱ्या फिरवला की विसर्ग कमी करायला दहा फेऱ्या उलट्या फिरवाव्या लागतील. तोवर काहीच हलणार नाही. प्रदर्शनात पोरं हेच पहिलं करतात.

म्हणून क्रम सर्व्हरने ठरवायचा, मर्यादा त्याच क्रमाने लावायची आणि उत्तर दोन्ही टेबलांना सांगायचं. दोन दालनांत तार आहे, सर्व्हर मधल्या कपाटात. दोन शहरांत टेबलं असती तर तुमचं म्हणणं आधी घेतलं असतं.

शून्यएक

मर्यादेचा मुद्दा मान्य. टेबलावर भाष्य-टिपणं लिहायची सोय दिलीत तर तेवढ्यापुरतं वायजेएस (अनेकांचं एकाच वेळचं लिखाण जुळवणारी सीआरडीटी लायब्ररी) वापरा, तिथे सर्व्हरचा क्रम पुरत नाही.

घडीव

दोन टेबलं जोडली की दुसऱ्या टेबलावरचा ठोकळा जुन्याच कोनात राहणार. त्याच्या माथ्यावर बाण रंगवलाय, तो खोटं दाखवेल.

मुठाकाठचा

बाण पुसा. ठोकळा नुसता गोल. आकडा आणि काटा प्रोजेक्टरने भोवतीच्या कड्यात काढायचा, समोरासमोर दोनदा, म्हणजे दोन्ही बाजूंच्या लोकांना सरळ दिसेल. कोनातला फरकच वापरताय, तेव्हा ठोकळ्याचा स्वतःचा कोन कशाचंच प्रतीक नाही.

जागेचा प्रश्न मात्र उरतो. या टेबलांवर धरणं नकाशात आपापल्या ठिकाणी असणार, म्हणून जागा सामायिक करूच नका. ठोकळा आपल्या धरणापासून १० सेंमीच्या आत असेल तर जोडलेला, बाहेर गेला तर कडं राखाडी आणि फिरवून काही होणार नाही. उचलला तरी विसर्ग आहे तोच राहतो. धरण काही उचलून नेता येत नाही.

'मागे घ्या' हे बटण शक्यतो देऊ नका. स्थिती मागे नेता येते, ठोकळा नेता येत नाही. मीडिया लॅबने २००२ साली टेबलाखाली विद्युतचुंबकांची जाळी बसवून ठोकळे आपोआप सरकवून दाखवले होते, पण प्रदर्शनाच्या टेबलाला ते झेपणार नाही. द्यायचंच असेल तर ठोकळा जिथे असायला हवा तिथे तुटक रेषेचं वर्तुळ काढा आणि माणसाला आणू द्या.

आणि कुणी फिरवलं ते नोंदवता येईल या भ्रमात राहू नका. मर्लच्या (मित्सुबिशीची संशोधन प्रयोगशाळा) डायमंडटच या टेबलाने ते केलं होतं, पण त्यात टेबलातून निघालेला सिग्नल शरीरामार्फत प्रत्येकाच्या खुर्चीतल्या वेगळ्या रिसीव्हरला जायचा. तुमच्या कॅमेऱ्याला फक्त ठोकळा दिसतो. 'पहिल्या दालनातून' एवढंच लिहा.

सिंहगड_रोड

धरणांचं गणित चित्राच्या लूपमध्ये नको हे कुणी म्हटलं नाही अजून. सर्व्हरवर ठरावीक टिक ठेवा, एका खऱ्या सेकंदाला मॉडेलचा एक तास.

क्षमता टीएमसीमध्ये: टेमघर ३.७१, वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५, खडकवासला १.९७. एकूण २९.१५. वरच्या तिघांचं पाणी खडकवासल्यात येतं, तिथून मुठेत आणि कालव्यात. १ टीएमसी म्हणजे १ अब्ज घनफूट. १०,००० क्युसेक तासभर म्हणजे ३.६ कोटी घनफूट, ०.०३६ टीएमसी. या हिशेबाने रिकामं खडकवासला ५५ सेकंदांत भरतं. १२,००० ने पानशेत रिकामं व्हायला चार मिनिटं. म्हणजे खडकवासला सगळ्यात आधी ओसंडणार आणि लोकांना आपोआप कळणार की खालचं धरण लहान आहे, वरच्या तिघांनी ताळमेळ ठेवायला हवा. सहकार्याचा खेळ तिथेच आहे, वेगळा रचावा लागत नाही.

साठा घनफुटांत पूर्णांक म्हणून ठेवा, दशांशात टीएमसी नको. टिकला थोडं थोडं गळत जातं आणि दिवसाअखेर चार धरणांचा हिशेब जुळत नाही. वरून खडकवासल्यात पोचायला लागणारा वेळ ही मॉडेलमधली रांग, तिची लांबी कॉन्फिगमध्ये.

मुठेवरचा भिडे पूल किती क्युसेकला बुडाला दाखवायचा तो आकडाही कॉन्फिगमध्येच. उद्घाटनाला येणाऱ्या प्रत्येक पुणेकराचा आकडा वेगळा असेल.

कोथरूडकर_२

शेवटच्या ओळीला +१. टचस्क्रीनचा प्रस्ताव मागे.

घडीव

थर वेगळे करायला घेतोय. मार्कर लेझरवर, ९ सेंमी. चाचणी कशी करावी? दर वेळी टेबल चालू करून ठोकळे फिरवत बसणं जमणार नाही.

शून्यएक

ट्यूओचा प्रवाह वेळेसकट फाइलमध्ये उतरवून घ्या, दहा मिनिटांचा, त्यात मुद्दाम सगळा वाह्यातपणा करा: जोरात सरकवणं, उचलून उलटं ठेवणं, दोन ठोकळे एकमेकांना घासणं, पूर्ण फेऱ्या. मग तीच फाइल मागाच्या थरात परत सोडायची आणि बाहेर पडणाऱ्या घटना आधीच्या घटनांशी ताडायच्या. मागाच्या थराने घड्याळ स्वतः बघायचं नाही, वेळ मेसेजमधून घ्यायची, तरच ४०० मिलिसेकंदांचं वागणं दर वेळी तेच येईल. कॅमेरा नसताना रिअ‍ॅक्टिव्हिजनवाल्यांचा ट्यूओ सिम्युलेटर पुरतो, माउसने ठोकळे सरकवता येतात. पण त्यात फराटा आणि थरथर नसते, म्हणून फिल्टर त्यावर जुळवू नका.

तिरकस

वीज जाऊन आल्यावर माणूस न लागता उठायला हवं. बायोसमध्ये 'वीज आली की सुरू' लावा. क्रम: सर्व्हर, रिअ‍ॅक्टिव्हिजन, माग, चित्र. प्रत्येक प्रोग्राम सिस्टमडीखाली (लिनक्समध्ये प्रोग्राम सुरू ठेवणारी व्यवस्था), पडला की परत उठवायचा. कॅमेऱ्याला यूडेव्ह (लिनक्समध्ये उपकरणांना नावं देणारी सोय) नियमाने कायमचं नाव द्या, नाहीतर रीबूटनंतर दुसऱ्याच क्रमांकावर जाऊन बसतो. हाताने लावलेलं एक्स्पोजर रीबूटला परत ऑटोवर जातं, ते बंद करायची ती आज्ञा रिअ‍ॅक्टिव्हिजन सुरू व्हायच्या आधी चालवायच्या स्क्रिप्टमध्ये घाला. यूएसबी २ ची साधी केबल ५ मीटरच्या पुढे नको.

सर्व्हर दर मिनिटाला चार साठे आणि चार विसर्ग डिस्कवर लिहू दे. उठल्यावर तिथून पुढे. आणि रोज सकाळी दार उघडायच्या आधी धरणं ठरावीक साठ्यावर आणायची आज्ञा लावा, नाहीतर पहिल्या तुकडीला कालची भरलेली धरणं मिळतील.